निवडणूक तोंडावर आली की शाळाच का उडवतात?

लोकसभेच्या नाहीतर विधानसभेच्या तारखा जाहीर झाल्या की गडचिरोली, बस्तर, झारखंड, दक्षिण बिहार या पट्ट्यातून गेली कित्येक वर्षं एकाच छापाच्या बातम्या यायच्या. नक्षल्यांनी शाळेची इमारत स्फोटाने उडवली. ग्रामपंचायत कार्यालय पेटवलं, दप्तर खाक. वनविभागाचा डेपो जाळला. आणि शेवटी ठरलेलं वाक्य : घटनास्थळी मतदानावर बहिष्कार टाकण्याचं आवाहन करणारी पत्रकं सापडली.

पुण्या-मुंबईत बसून हे वाचणाऱ्याला एक साधा प्रश्न पडतो आणि तो रास्त आहे. मतदान हाणून पाडायचं असेल तर मतदानाच्या दिवशी काहीतरी करतील ना? महिना-दीड महिना आधी, मध्यरात्री, रिकामी इमारत पाडून काय हाती लागतं? आत ना मतदान यंत्र, ना मतदार यादी, ना उमेदवार.

उत्तर शोधायचं तर आधी ती इमारत गावात कशी उभी असते ते बघावं लागेल.

भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यातलं आडवळणाचं माडिया गाव डोळ्यांसमोर आणा. घरं मातीची, कुडाची, वर कौलं. सिमेंट-विटांचं बांधकाम म्हणाल तर शाळेच्या एक-दोन खोल्या, असलीच तर अंगणवाडी, मोठं गाव असेल तर ग्रामपंचायत कार्यालय किंवा समाज मंदिर, आणि जवळपास कुठेतरी वनविभागाचं नाकं. तहसीलदार तालुक्याला, कलेक्टर जिल्ह्याला, मंत्रालय तर कुठल्या कुठे. गावकऱ्याला रोज डोळ्यांनी दिसणारं सरकार म्हणजे ही दोन-तीन बांधकामं. बाकीचं सरकार कागदावर असतं.

आता निवडणूक आयोगाचे निकष बघा. मतदान केंद्र शक्यतो सरकारी किंवा निमसरकारी इमारतीत असावं, तळमजल्यावर असावं आणि मतदाराला साधारण २ किलोमीटरपेक्षा जास्त चालावं लागू नये. शहरात या निकषांत बसणाऱ्या दहा इमारती सापडतील. इथे एकच सापडते, ती म्हणजे शाळा. म्हणून शाळा हेच मतदान केंद्र. मतदान पथकासोबत पोलीस आणि निमलष्करी दलाचे जवान येतात. त्यांना रात्री अंग टाकायला छत हवं, भोवती उघडं मैदान हवं, पाण्याला हातपंप हवा. हे सगळं एकत्र कुठे मिळतं? पुन्हा शाळेतच.

म्हणजे एरवी जिथे चौथीपर्यंतची पोरं पाढे म्हणतात ती वास्तू निवडणुकीच्या मोसमात एकाच वेळी शाळा, बूथ आणि छावणी होते. उडवणाऱ्याच्या दृष्टीने एका स्फोटात तिन्ही जातात. वर तिथे पहारा नसतो. पोलीस ठाण्यावर हल्ला करायचा तर समोरून गोळी येते, शाळेच्या भिंतीकडून काही येत नाही. हा हिशेब भ्याडपणाचा आहे हे खरंच, पण हिशेब आहे. वेड्यासारखं केलेलं कृत्य म्हणून त्याकडे बघितलं तर त्यातलं काहीच कळत नाही.

त्यातला पहिला परिणाम अंतराचा. शाळा पडली की प्रशासन ते मतदान केंद्र हलवतं, बहुतेक वेळा पोलीस ठाण्याच्या किंवा डांबरी रस्त्याच्या जवळच्या गावात. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच. पण दोन किलोमीटरची वाट आठ-दहा किलोमीटरची होते. मधे नाला, घाट, जंगल. एप्रिलचं ऊन. म्हाताऱ्या माणसाने, कडेवर मूल घेतलेल्या बाईने इतकं चालत जाऊन यायचं आणि बोटाला शाई लावून त्याच जंगलातून परतायचं. मतदाराला बंदूक दाखवून अडवायची गरजच उरत नाही. मतदान केंद्रं एकत्र करणं, हलवणं या निर्णयांची बातमी आतल्या पानावर दोन ओळींत येते, स्फोटाची पहिल्या पानावर. खरा परिणाम त्या दोन ओळींत असतो.

दुसरा परिणाम साक्षीदारांचा. रात्री स्फोट होतो, सकाळी ढिगारा सगळं गाव बघतं. त्या ढिगाऱ्याकडे बघत गावकरी स्वतःशी एकच विचार करतो की मतदान आटोपलं की पथकं निघून जाणार, हेलिकॉप्टर निघून जाणार आणि आपण इथेच राहणार. शाईला जंगलात इतकी किंमत का आली ते यावरून कळेल. मतदान केलेलं बोट छाटू, अशी धमकी अनेक निवडणुकांत दिली गेली आणि बस्तरमधल्या काही गावांतल्या लोकांनी मत देतो पण शाई लावू नका, असं अधिकाऱ्यांना विनवल्याच्या बातम्याही येऊन गेल्या.

बहिष्कार आला कुठून

माओवाद्यांचा निवडणुकीला विरोध आजचा नाही. १९६९ मध्ये भारतीय कम्युनिस्ट पक्ष (मार्क्सवादी-लेनिनवादी) स्थापन झाला तेव्हाच संसदीय मार्ग झिडकारण्याची भूमिका पक्की होती. पुढे या घराण्याच्या अनेक शाखा झाल्या आणि त्या सगळ्या बहिष्कारवादी राहिल्या नाहीत. बिहारमध्ये एका गटाने इंडियन पीपल्स फ्रंटच्या नावाने निवडणुका लढवल्या आणि १९८९ मध्ये आरा मतदारसंघातून लोकसभेची जागाही जिंकली. दुसऱ्या बाजूला पीपल्स वॉर ग्रुप आणि माओइस्ट कम्युनिस्ट सेंटर हे दोन सशस्त्र गट सप्टेंबर २००४ मध्ये एक झाले आणि भाकप (माओवादी) उभा राहिला. केंद्राने २००९ मध्ये त्याच्यावर बंदी घातली. आपण ज्या हल्ल्यांबद्दल बोलतोय ते मुख्यतः या पक्षाचे आणि त्याच्या आधीच्या गटांचे.

महाराष्ट्रात हे लोण १९८० च्या सुमारास सिरोंचाच्या बाजूने, आंध्रातून नदी ओलांडून आलं. त्या वेळी गडचिरोली वेगळा जिल्हाही नव्हता, तो १९८२ मध्ये चंद्रपूरमधून निघाला. सुरुवातीला दलमचे, म्हणजे त्यांच्या सशस्त्र तुकडीचे, लोक तेंदूपत्त्याची मजुरी वाढवून द्या, वनरक्षकांचा जाच थांबवा, असं बोलायचे आणि ते लोकांना पटायचं, हे नाकारण्यात अर्थ नाही. वनविभागाच्या नाक्याला आग लागली तेव्हा फार कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं नसेल. शाळेचं तसं नव्हतं. शाळेत आपली पोरं जात होती.

म्हणूनच शाळा उडवल्यावर माओवाद्यांना खुलासा करावा लागायचा आणि तो खुलासा ठरलेला असायचा. तिथे पोलीस राहतात, ती शाळा नाही, छावणी आहे. यात तथ्य किती?

थोडं आहे. झारखंड, बिहार, छत्तीसगडमध्ये सुरक्षा दलांनी शाळांमध्ये तळ ठोकले होते, काही ठिकाणी महिनोन्‌महिने. छतावर वाळूची पोती, मैदानाभोवती काटेरी तार आणि एका खोलीत वर्ग, असं चित्र होतं. सलवा जुडूमच्या, म्हणजे माओवाद्यांविरुद्ध सरकारच्या पाठिंब्याने उभ्या राहिलेल्या सशस्त्र गटांच्या, प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये छत्तीसगड सरकारला शाळा आणि वसतिगृहं सुरक्षा दलांकडून रिकामी करायला सांगितलं, ते उगाच नाही. ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेने २००९ मध्ये बिहार-झारखंडात फिरून जो अहवाल काढला त्यात दोन्ही बाजूंना दोष दिला होता. पण त्याच अहवालाने माओवाद्यांच्या खुलाशातली हवाही काढली. उडवलेल्या अनेक शाळांमध्ये त्या वेळी पोलीस नव्हतेच. पोलीस राहत असलेल्या शाळेवर हल्ला करणं अवघड, रिकाम्या शाळेवर सोपं. मग नेमक्या कोणत्या शाळा पडत असतील?

बस्तरने यावर एक विचित्र तोडगा काढला. दंतेवाडा, बिजापूर, सुकमा भागात पक्क्या शाळा पडल्यावर सरकारने रस्त्यालगत बांबूच्या आणि हलक्या पत्र्यांच्या निवासी शाळा उभ्या केल्या. त्यांना तिथे पोर्टा केबिन म्हणतात. आतल्या गावांमधली शेकडो मुलं आणून एकेका केबिनमध्ये ठेवली. बांबूच्या भिंतीआड जवान मोर्चा लावू शकत नाहीत, त्यामुळे ती छावणी होत नाही आणि छावणी नाही म्हणून कोणी उडवतही नाही. मुलांना शिकवण्यासाठी इमारत मुद्दाम कच्ची बांधायची, अशी वेळ देशात आणखी कुठे आली असेल असं वाटत नाही.

निवडणूक की मोसम?

इथे बातम्या वाचताना हमखास होणारी एक गफलत सांगतो. एप्रिल-मेमध्ये झालेला प्रत्येक हल्ला लोकसभा निवडणुकीच्या खात्यावर मांडला जातो. पण एप्रिल-मे हा माओवाद्यांचा तसाही हल्ल्याचाच काळ असायचा. साधारण फेब्रुवारी-मार्चपासून पावसाळा सुरू होईपर्यंत त्यांची ‘टॅक्टिकल काउंटर ऑफेन्सिव्ह कॅम्पेन’, म्हणजे ठरवून केलेल्या प्रतिहल्ल्यांची मोहीम, चालायची. पोलिसांच्या तोंडी ती टीसीओसी. या दिवसांत जंगलाची पानगळ झालेली असते, लांबचं दिसतं. नाले आटलेले असतात, चालायला सोपं. जून लागला की पूर येतात, वाटा तुटतात आणि दोन्ही बाजू बऱ्याचशा जागच्या जागी अडकून पडतात.

पुरावा हवा तर तारखा बघा. ताडमेटला, ७६ जवान ठार, ६ एप्रिल २०१०. बुरकापाल, २५ जवान, २४ एप्रिल २०१७. तर्रेमजवळ २२ जवान, ३ एप्रिल २०२१. तिन्ही एप्रिलमधले आणि तिन्ही वर्षी छत्तीसगडात लोकसभेची किंवा विधानसभेची सार्वत्रिक निवडणूक नव्हती.

शिवाय हाच तेंदूपत्त्याचा हंगाम. गडचिरोलीत मे महिन्यात तेंदू संकलन जोरात असतं, ठेकेदारांकडे रोख पैसा खेळतो आणि त्यातून खंडणी वसूल व्हायची. त्यामुळे या दिवसांत कुठे ट्रक जळाला, कुठे डेपो पेटला, तर त्यामागे मतदान आहे, ठेकेदाराने न दिलेला हप्ता आहे की रस्त्याच्या कामाला विरोध आहे, हे पत्रक वाचल्याशिवाय सांगता येत नाही. कधी कधी पत्रक वाचूनही नाही. हप्ता थकल्याने जाळलं, असं पत्रकात कोण लिहील?

मग शुद्ध निवडणुकीचे हल्ले कसे ओळखायचे? तारीख आणि लक्ष्य दोन्ही जुळतात तिथे. फेब्रुवारी २०१९ मध्ये बिहारच्या गया जिल्ह्यात शाळेची इमारत उडवली गेली आणि लोकसभा निवडणुकीवर बहिष्काराचा मजकूर मागे ठेवला गेला. मे २०१९ च्या सुरुवातीला, मतदानाच्या टप्प्यांच्या मधोमध, झारखंडात खरसावां इथलं भाजपचं निवडणूक कार्यालय स्फोटाने उडवलं. २२ एप्रिल २००९ ला, दुसऱ्या टप्प्याच्या आदल्या दिवशी, लातेहार जिल्ह्यात शेकडो प्रवासी असलेली अख्खी रेल्वेगाडी काही तास अडवून ठेवली आणि मग सोडून दिली. प्रवाशांना इजा केली नाही. या गाडीच्या प्रसंगावरून या हल्ल्यांचा स्वभाव सगळ्यात चांगला कळतो. गाडी अडवून एकही मत कमी झालं नाही, पण मतदानाच्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत पहिली बातमी कुठली असेल हे त्यांनी ठरवलं.

इमारतीच्या पलीकडे

पडलेली इमारत ही कधी कधी सुरुवात असते. महाराष्ट्राला याचा सगळ्यात कडू अनुभव १ मे २०१९ ला आला. गडचिरोलीतलं मतदान ११ एप्रिलला आटोपलं होतं. महाराष्ट्र दिनाच्या पहाटे कुरखेडा तालुक्यात दादापूर इथे रस्त्याच्या कामावरची पंचवीसहून अधिक वाहनं जाळण्यात आली. त्या बाजूला निघालेल्या शीघ्र कृती दलाच्या गाडीखाली जांभुळखेड्याजवळ भूसुरुंग फुटला. १५ पोलीस आणि गाडीचा खासगी चालक, असे १६ जण गेले. जाळपोळ हे आमिष होतं.

त्यामुळेच इमारत किंवा वाहनं जाळल्याची खबर आली की पोलीस लगेच धावत नाहीत आणि गावातले लोक म्हणतात, बघा, दोन दिवस कोणी फिरकलं नाही. पोलीस आधी रस्ता तपासतात, पायी जातात, वेगळ्या वाटेने जातात. पंचनामा उशिरा होतो. गावकऱ्यांचा राग चुकीचा नाही, पोलिसांची सावधगिरीही चुकीची नाही. हल्ला करणाऱ्याला नेमकी हीच दोघांमधली फट रुंद करायची असते.

सगळ्यात जास्त जीव मात्र इमारतींपाशी जात नाहीत, वाटेवर जातात. ८ ऑक्टोबर २००९ ला, विधानसभेच्या मतदानाला पाच दिवस राहिले असताना, भामरागड तालुक्यात लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. १२ एप्रिल २०१४ ला बिजापूर जिल्ह्यात मतदान पथकाची बस उडवली, सात निवडणूक कर्मचारी ठार झाले. मतदान दोन दिवस आधीच झालं होतं, ही माणसं घरी परतत होती. त्याच महिन्याच्या २४ तारखेला झारखंडात दुमका जिल्ह्यात परतणाऱ्या पथकावर हल्ला झाला, आठ जण गेले. ओडिशाच्या कंधमालमध्ये २०१९ ला मतदानाच्या आदल्या दिवशी एक महिला निवडणूक अधिकारी गोळीला बळी पडली. मतदान पथकांतले हे मरणारे कर्मचारी बहुतेक वेळा शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक. ज्या शाळा पाडल्या जातात त्याच शाळांत शिकवणारे.

गडचिरोलीच्या संवेदनशील भागात मतदान संध्याकाळी सहाऐवजी दुपारी तीनलाच का संपवतात, याचं उत्तर इथे आहे. तीनला संपलं तर अंधार पडायच्या आत पथक यंत्र घेऊन बेस कॅम्पला पोहोचतं. दुर्गम केंद्रांवरची पथकं दोन-तीन दिवस आधी हेलिकॉप्टरने जवळच्या पोलीस मदत केंद्रात आणून ठेवतात आणि तिथून ती पायी केंद्रावर जातात. आदल्या दिवसांत सी-६० या गडचिरोली पोलिसांच्या खास नक्षलविरोधी पथकाचे जवान त्या वाटा पिंजून काढतात. वाट आधी तपासल्याशिवाय गाडी न्यायची नाही, हा नियम. कायद्यातही तरतूद आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम ५७ खाली हिंसाचार किंवा आपत्ती आली तर मतदान पुढे ढकलता येतं आणि कलम ५८ खाली मतदान यंत्र नष्ट झालं, पळवलं गेलं तर त्या केंद्रावर पुन्हा मतदान घेता येतं. म्हणजे एखाददुसरं यंत्र जाळून निकाल उलटवणं शक्य नाही आणि हे हल्लेखोरांनाही पक्कं माहीत असतं. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा १९८४ चा कायदाही आहे. आग लावून किंवा स्फोटकांनी सरकारी इमारत पाडली तर त्याखाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण असल्या गुन्ह्यांत साक्ष द्यायला गावातून कोण पुढे येणार, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात सुटत नाही.

मग याचा उपयोग होतो का?

आकडे वरवर बघितले तर अजिबात नाही. गडचिरोली-चिमूर मतदारसंघात २०१९ मध्ये जवळपास ७२ टक्के मतदान झालं आणि २०२४ मध्येही तितकंच. दोन्ही वेळा महाराष्ट्रात पहिला नंबर. राज्याची सरासरी ६१ टक्क्यांच्या आसपास होती. दक्षिण मुंबईच्या सुशिक्षित मतदाराला लाजवणारी ही गोष्ट दर निवडणुकीनंतर सांगितली जाते आणि ती सांगायलाही हवी. फक्त एक बारकावा विसरू नका. या मतदारसंघात ब्रह्मपुरी, चिमूर आणि गोंदिया जिल्ह्यातलं आमगावही येतं. तिकडची भातशेतीची, दाट वस्तीची गावं सरासरी वर ओढतात. अहेरी विधानसभेतल्या आतल्या केंद्रांचे आकडे सुटे काढून बघितल्याशिवाय भीतीचा परिणाम शून्य होता असं म्हणता येत नाही.

याच्या उलट टोकाला काश्मीर ठेवा. एप्रिल २०१७ मध्ये श्रीनगर लोकसभा पोटनिवडणुकीत सुमारे ७ टक्के मतदान झालं. त्याआधीच्या वर्षी खोऱ्यात कित्येक शाळा जाळल्या गेल्या होत्या. अनंतनागची पोटनिवडणूक तर आधी पुढे ढकलली आणि मग रद्दच केली. शाळा इथेही जळल्या, तिथेही. मग ७२ आणि ७ हा फरक कुठून आला? माझं मत असं की नुसत्या आगीने किंवा स्फोटाने मतदान इतकं घटत नाही. लोकांच्या मनातच बहिष्कार असेल तर घटतं. २०१६ च्या उन्हाळ्यानंतर खोऱ्यात राग रस्त्यावर होता. गडचिरोलीत राग सरकारवर असेल, खाणींवर असेल, पण मत देऊ नये असं बहुसंख्य लोकांना कधी वाटलं नाही. उलट मत हीच एक गोष्ट मागायला नेते त्यांच्या दारात येतात, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

अफगाणिस्तानात याच दोन अवस्था एका देशात, पाच वर्षांच्या अंतराने दिसल्या. ५ एप्रिल २०१४ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी तालिबानने काबूलमध्ये निवडणूक आयोगाच्या कार्यालयांवर २५ आणि २९ मार्चला हल्ले केले, २ एप्रिलला गृहमंत्रालयाच्या दारात स्फोट घडवला. तरी पावसात रांगा लागल्या आणि साठ लाखांहून जास्त मतं पडली. पुढे त्या मतमोजणीचा घोळ महिनोन्‌महिने चालला, सत्तावाटपाची तडजोड झाली, मत देऊन काही ठरतं हा विश्वास उडाला. २०१८ मध्ये काबूलच्या दश्त-ए-बर्ची भागात मतदार नोंदणीच्या रांगेवर आत्मघाती हल्ला झाला, पन्नासहून अधिक माणसं मेली. सप्टेंबर २०१९ च्या निवडणुकीत सुमारे ९६ लाख नोंदणीकृत मतदारांपैकी अठरा लाखांच्या आसपास मतं वैध ठरली. बॉम्ब दोन्ही वेळा होते. पहिल्या वेळी ते झेलून लोक बाहेर पडले. दुसऱ्या वेळी जीव धोक्यात घालावा असं पलीकडे काही उरलं नव्हतं.

बहिष्कार या शब्दाचीही नीट फोड करायला हवी, कारण बातम्यांमध्ये सगळं एकाच पोत्यात जातं. रस्ता नाही, पूल नाही, म्हणून गावाने ठराव करून मत न देणं हा वेगळा बहिष्कार. तो यवतमाळमध्येही होतो, रायगडमध्येही. तो सरकारकडे काहीतरी मागतो. दलमने पत्रक चिकटवून जाहीर केलेला बहिष्कार गावाच्या नावावर असतो, पण गावाला विचारून नसतो. दुर्दैव असं की नक्षलग्रस्त तालुक्यात गावकऱ्यांनी पुलासाठी स्वतःहून बहिष्कार टाकला तरी त्याकडे संशयाने बघितलं जातं.

लहान निवडणूक, मोठी भीती

लोकसभेला केंद्रीय दलांच्या तुकड्या येतात, हेलिकॉप्टर येतं, ड्रोन येतो. उमेदवार बहुतेक वेळा दूर कुठेतरी राहणारा असतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत यातलं फार थोडं असतं, आणि उमेदवार त्याच गावात, पडलेल्या इमारतीपासून शंभर पावलांवर राहतो. धमकी खरी चालते ती इथे.

गडचिरोलीच्या दुर्गम तालुक्यांत कित्येक ग्रामपंचायतींच्या जागांसाठी एकही अर्ज आला नाही, असं अनेकदा घडलं. २०१२ मध्ये धमक्यांनंतर सरपंच आणि सदस्यांच्या सामूहिक राजीनाम्यांची लाट आली होती. मतदानाची टक्केवारी इथे निरुपयोगी ठरते, कारण मतदानच होत नाही. सदस्य नाहीत म्हणजे ठराव नाही, मग प्रशासक येतो, आणि जळालेल्या ग्रामपंचायत कार्यालयाच्या दुरुस्तीचा प्रस्ताव कोणी पुढे न्यायचा तेही ठरत नाही. स्फोट एका रात्रीचा असतो. त्याच्या ढिगाऱ्यावर नवी खोली उभी राहायला दोन-तीन शैक्षणिक वर्षं सहज जातात, कारण निविदा निघाली तरी तिथे काम करायला ठेकेदार तयार होत नाही आणि जो तयार होतो त्याच्याकडे आधी हप्ता मागितला जातो.

या सगळ्याला एक वेगळं उत्तरही गडचिरोलीतच दिलं गेलं. २०१७ च्या जिल्हा परिषद आणि पंचायत समिती निवडणुकीत कोरची, धानोरा, एटापल्ली, भामरागड भागातल्या ग्रामसभांनी पक्षांना बाजूला ठेवून आपले उमेदवार उभे केले, त्यांतले काही निवडूनही आले. वनहक्क कायदा आणि आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा यांमुळे तेंदू आणि बांबूच्या विक्रीचा अधिकार ग्रामसभांकडे आला होता, हाती पैसा होता, हिशेब ठेवायची सवय लागली होती. या ग्रामसभांचा सूरजागडच्या लोहखाणीला विरोध होता आणि तो त्यांनी मतपेटीतून मांडला. सरकारला ते फारसं रुचलं नाही, माओवाद्यांनाही रुचलं असण्याचं कारण नाही.

आता चित्र झपाट्याने पालटलं आहे. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत बस्तरमधल्या शंभराहून जास्त गावांत पहिल्यांदाच मतदान केंद्र उघडलं. मार्च २०२४ मध्ये, लोकसभेच्या तोंडावर, गडचिरोलीत कोलामार्काच्या डोंगरात चार माओवादी मारले गेले. निवडणुकीत घातपात करायला ते तेलंगणातून आले होते, असं पोलिसांनी सांगितलं. माओवादी पक्षाचा सरचिटणीस मे २०२५ मध्ये अबुझमाडमध्ये मारला गेला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॉलिट ब्युरोचा सदस्य भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं ठेवून बाहेर आला. शाळा उडवायला आता दलमच फारसे उरलेले नाहीत.

पण इमारत रिकामी राहण्याची कारणं सगळी बंदुकीची नव्हती. पटसंख्या कमी म्हणून बंद होणाऱ्या शाळा, महिन्यातून चार वेळा उघडणारं ग्रामपंचायत कार्यालय, तालुक्याला राहून सही करणारा कर्मचारी, हे दलम असतानाही होतं आणि त्याचं खापर तेव्हा दलमवर फोडता येत होतं. यापुढे गडचिरोलीतल्या निवडणुकांच्या बातम्या वाचताना मी टक्केवारीआधी दुसरा आकडा शोधणार आहे : लाहेरी, गट्टा, जारावंडी बाजूच्या ग्रामपंचायतींत किती जागांवर एकापेक्षा जास्त अर्ज आले.